उन्हावरचे शब्द

रथसप्तमीला अंगणात तुळशीपुढे चार गोवऱ्या पेटवायच्या, त्यावर मातीच्या बोळक्यात दूध ठेवायचे आणि ते सूर्याला नैवेद्य म्हणून उतू जाऊ द्यायचे, ही रीत अजून पुष्कळ मराठी घरांत पाळली जाते. वर सूर्य, खाली गोवरी. घराला ऊब देणाऱ्या सर्वांत जुन्या दोन गोष्टी त्या विधीत एकत्र येतात. आणि नेमक्या याच दोन गोष्टींना आपल्या कारभाराच्या भाषेने वीस-पंचवीस वर्षे ‘अपारंपरिक’ म्हटले.

1973 मध्ये खनिज तेलाचे भाव जगभर भडकले आणि सरकारांना इतर वाटा शोधाव्या लागल्या. आपल्याकडे 1981 साली ऊर्जेच्या अतिरिक्त स्रोतांसाठी एक आयोग नेमला गेला, 1982 मध्ये अपारंपरिक ऊर्जा स्रोतांचा स्वतंत्र विभाग झाला आणि 1992 मध्ये त्या विभागाचे मंत्रालय झाले. 2006 मध्ये ‘नवीन आणि नवीकरणीय’ हे नाव येईपर्यंत मंत्रालयाच्या पाटीवर ‘अपारंपरिक’ हाच शब्द होता. पुस्तिका, भित्तिपत्रके, शाळेतले निबंध, शिबिरांचे फलक या सगळ्यांत तो झिरपला. पुण्याहून काम करणारे महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, म्हणजे आजची ‘महाऊर्जा’, 1985 मध्ये याच शब्दाच्या ऐन भरात स्थापन झाले.

परंपरा म्हणजे ‘पर’ या शब्दाची द्विरुक्ती, एकामागून एक येणारी ओळ. आजीने आईला, आईने मुलीला दिलेले ते पारंपरिक. त्या मापाने पाहिले तर गच्चीवर कुरड्या-पापडांचे वाळवण घालणारी बाई सौर ऊर्जाच वापरत असते, आणि सकाळी पाण्याची घागर अंगणात उन्हाला ठेवून तान्ह्याच्या अंघोळीसाठी कोमट करणारी आजीही. विजेपुरते बोलायचे तरी कोळसा पहिला नव्हे. भारतातले पहिले वीज केंद्र 1897 मध्ये दार्जिलिंगजवळ सिद्रापाँग येथे सुरू झाले ते ओढ्याच्या पाण्यावर, आणि मुंबईच्या गिरण्यांना 1915 पासून खोपोलीहून टाटांची वीज मिळू लागली तीही घाटावरच्या पावसाच्या पाण्यावर. तेव्हा परंपरा कोणाची, हे न विचारताच तो शब्द बनला. मूळच्या ‘कन्व्हेन्शनल’ या इंग्रजी शब्दामागे बाजाराचा आणि कारखान्यांचा प्रघात होता. मराठीत तो ‘परंपरा’ होऊन आला आणि अर्थ उलटा झाला. उन्हाची, वाऱ्याची, शेणाची माहिती गावात नेणारा माणूस या शब्दामुळे गावाला काही परके शिकवायला आल्यासारखा दिसू लागला. खरे तर गावाला यातले अर्धे आधीच ठाऊक होते आणि त्या माणसाने तिथूनच सुरुवात करायला हवी होती.

त्यानंतरचा शब्द ‘नूतनीकरणक्षम’, किंवा हिंदीतून सरळ आलेला ‘नवीकरणीय’. व्याकरणाने दोन्ही निर्दोष आहेत. पण मराठी माणसाच्या आयुष्यात नूतनीकरण कशाचे होते? वाहन परवान्याचे, विम्याचे, दुकानाच्या अनुज्ञप्तीचे. नाहीतर जुन्या नाट्यगृहाचे. मुदत संपते, अर्ज करावा लागतो, शुल्क भरावे लागते, मग नूतनीकरण होते. ऊन मात्र अर्ज न करता उगवते. गुजरातीत यासाठी ‘पुनःप्राप्य’ म्हणतात, पुन्हा मिळणारे. तो शब्द मला जास्त नेमका वाटतो. आणि आपल्याकडे तर ‘पुनर्नवा’ आहे. पुनर्नवा म्हणजे घेटुळी. उन्हाळ्यात ही वेल वाळून जमिनीवरून दिसेनाशी होते आणि पहिल्या पावसात त्याच मुळातून पुन्हा फुटते. पावसाळी रानभाज्यांत ती खाल्ली जाते, वैद्य ती औषधात वापरतात. पुन्हा नवी होणारी, हा तिच्या नावाचा अर्थ, आणि तो अनेक घरांत अनुभवाने माहीत आहे. ‘पुनर्नवा ऊर्जा’ असे कोणी म्हटले तर ते समजावून सांगायला परिभाषाकोश उघडावा लागणार नाही.

तरीही माझे मत ‘अक्षय’ला आहे. हा शब्द सरकारनेही स्वीकारलेला आहे. 2004 पासून 20 ऑगस्ट हा ‘अक्षय ऊर्जा दिवस’ म्हणून साजरा होऊ लागला. ‘क्षि’ या धातूपासून क्षय, म्हणजे झिजणे, सरणे. त्याला ‘अ’ लागून अक्षय. तृतीयेला मात्र आपण ‘अक्षय्य’ म्हणतो, जिचा क्षय होऊच शकत नाही अशी. यावर आक्षेप घेतला जातो की ‘अक्षय’ म्हणजे अमर्याद, आणि पॅनेलमधून काही अमर्याद वीज येत नाही. लोकांचा गैरसमज होईल. हा आक्षेप घेणाऱ्याने महाभारतातले अक्षय पात्र नीट आठवावे.

वनपर्वाच्या आरंभीची ही कथा आहे. पांडव वनवासाला निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर ब्राह्मणांचा मोठा समुदाय होता आणि त्यांना खाऊ काय घालायचे ही युधिष्ठिराची चिंता होती. धौम्य पुरोहिताच्या सांगण्यावरून त्याने सूर्याची उपासना केली, आणि सूर्याने त्याला तांब्याचे पात्र दिले. त्या पात्राला अट होती. द्रौपदीचे जेवण होईपर्यंत त्यातले अन्न सरणार नाही. ती जेवली की त्या दिवसाचे पात्र रिकामे. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरलेले. दुर्वास ऋषी शिष्यांसह अवेळी आले तेव्हा गोंधळ उडाला तो या अटीमुळेच. म्हणजे आपल्या परंपरेतला अक्षय हा शब्द अमर्याद या अर्थी नाहीच. दर दिवसाला मोजून मिळते, ते त्या दिवसापुरते संपतेही, पण उद्याचा वाटा उद्या चुकत नाही. कोळशाच्या खाणीला आणि तेलाच्या विहिरीला नेमके हेच जमत नाही. आपल्याकडे एक किलोवॉटचे पॅनेल चांगल्या उन्हाच्या दिवशी साधारण चार युनिट वीज देते. पाचवे युनिट हवे असेल तर उद्याची सकाळ व्हावी लागते. ज्या घरात ‘द्रौपदीची थाळी’ हा शब्दप्रयोग ऐकलेला आहे, तिथे ही गोष्ट सांगून रोजच्या उत्पादनाचे गणित करून दाखवावे. आकडे लगेच पटतात. आणि ते दान देणारा सूर्य आहे, पात्र स्वयंपाकाचे आहे, हा योग काही लहान नाही. शिर्डीच्या साई संस्थानाच्या प्रसादालयाच्या छतावर 2009 मध्ये 73 परावर्तक तबकड्या बसवल्या गेल्या. सूर्यकिरण एकवटून त्यांच्यावर वाफ तयार होते आणि त्या वाफेवर हजारो भाविकांचे अन्न शिजते. तिथे येणाऱ्या शाळेच्या सहलींना वनपर्वातली ही गोष्ट सांगितली जावी असे मला मनापासून वाटते. गावागावात लोक सौर पॅनेलला ‘प्लेट’ म्हणतात, ‘सोलरच्या प्लेटा’. ते थाळीच्या किती जवळ गेले आहेत!

‘ऊर्जा’ हा शब्द स्वतः तसा मराठीत नवा आहे. म्हणजे या अर्थाने नवा. वेदांत ‘ऊर्ज्’ म्हणजे रस, पोषण, अंगात येणारे बळ. यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रात तो ‘इष्’ या शब्दाच्या जोडीने येतो, आणि जुन्या महिन्यांच्या नावांत आश्विन हा ‘इष’ तर कार्तिक हा ‘ऊर्ज’. पावसाळा संपून नवे धान्य घरात येण्याचा हा काळ. ग्रीकमधून युरोपात गेलेल्या ‘एनर्जी’ या शब्दात ‘काम चालू असणे’ हा भाव आहे आणि 1807 मध्ये टॉमस यंगने त्याला पदार्थविज्ञानातला आजचा अर्थ दिला. आपला शब्द कामाकडून आलेला नाही, अन्नाकडून आलेला आहे. मराठीने तो फार पूर्वीपासून ‘ऊर्जितावस्था’ या शब्दात जपून ठेवला होता. धंदा, संस्था, गाव ऊर्जितावस्थेला येते, म्हणजे भरभराटीला येते. ऊर्जेचा वर्ग घेताना बल, कार्य, शक्ती यांच्या व्याख्यांच्या आधी हा एक ओळखीचा शब्द फळ्यावर लिहिला तर मुलांना धरायला काहीतरी मिळते.

इंधनाबद्दल थोडकेच. ‘इन्ध्’ म्हणजे पेटवणे. इंधन आणि समिधा ही एकाच धातूची दोन लेकरे. एक चुलीत गेले, दुसरे होमात.

आता गोबर गॅस. हा शब्द मराठीत कसा रुजला हे पाहणे मला सर्वांत आवडते. मराठीत गोबर म्हणत नाहीत, शेण म्हणतात. मग ‘शेण गॅस’ का झाला नाही? खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने 1960च्या दशकात या संयंत्रांचा देशभर प्रसार केला आणि त्यांच्याबरोबर हिंदी नाव आले, हे सरळ कारण. पण परक्या शब्दाला घरात यायला दार लागते, आणि ते दार मराठीत आधीच होते. संस्कृतात ‘गोर्वर’ म्हणजे वाळून भुगा झालेले शेण. त्यापासून हिंदीत गोबर झाला आणि मराठीत गोवर, गोवरी. गोबर आणि गोवरी ही सख्खी भावंडे. ‘शेण’ मात्र ‘छगण’ या वेगळ्या शब्दाकडून आला. गुजरातीतले ‘छाण’ त्याच घरातले. म्हणून गोबर गॅस ऐकणाऱ्या बाईला तो शब्द कधी उपरा वाटला नाही. दुसरा अर्धा भाग, ‘गॅस’, हा सतराव्या शतकात व्हॅन हेल्माँट या रसायनज्ञाने ग्रीक भाषेतल्या आदिम पोकळीच्या शब्दावरून घडवला. गोठ्यातला शब्द आणि युरोपातल्या प्रयोगशाळेतला शब्द असे एकत्र आले, आणि ‘जैववायू’ हा शुद्ध पर्याय पुस्तकात राहिला. त्याबद्दल मला खंत वाटत नाही. जो शब्द बोलताना बाईचा हात आपोआप टाकीकडे जातो तो शब्द शिक्षणाचे निम्मे काम करून बसलेला असतो.

या तंत्राचा मुंबईशी संबंध फार जुना आहे. माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात 1897 मध्ये मैल्याच्या टाकीतला वायू गोळा करून वापरात आणला गेला होता. पुढे 1950च्या दशकात जशभाई पटेलांनी लोखंडी तरंगत्या झाकणाचे संयंत्र विकसित केले. त्याचे नाव ‘ग्रामलक्ष्मी’. आजही काही गावांत तो जुना, गंजका पण खालीवर होणारा लोखंडी ‘ड्रम’ दिसतो. 1984 मध्ये विटांच्या घुमटाचे, जमिनीखालचे, स्वस्त ‘दीनबंधू’ संयंत्र आले. ही नावे देणाऱ्यांना शेतकऱ्याच्या घरात काय बोलले जाते हे माहीत होते. शेणात लक्ष्मी राहते ही समजूत महाभारताच्या अनुशासन पर्वाइतकी जुनी आहे. ग्रामलक्ष्मी या नावाने ती समजूत टाकीच्या बाजूने उभी केली.

सर्वांत अवघड नाव ठेवायचे होते ते माणसाच्या विष्ठेवर चालणाऱ्या संयंत्राला. गाईचे शेण पवित्र, पण संडासाच्या वायूवर स्वयंपाक करायचा म्हटले की घरातला प्रत्येक जण मागे सरतो. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पासाहेब पटवर्धनांनी सफाईचे काम व्रतासारखे केले. मैल्यापासून होणाऱ्या खताला मराठीत ‘सोनखत’ असा शब्द आहे, आणि त्या एका शब्दात केवढे मोठे मनपरिवर्तन भरलेले आहे! देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आलेल्या डॉ. मापुसकरांनी आप्पासाहेबांच्या कामाचा धागा पुढे नेला आणि संडासाला जोडलेले जैववायू संयंत्र विकसित केले. त्याचे नाव ‘मलप्रभा’. मल आणि प्रभा. किळस वाटेल ते झाकलेले नाही, ते नावात पहिलेच ठेवले आहे. आणि लगेच त्याच्यातून निघणारा उजेड सांगितला आहे. त्यात एका नदीच्या नावाचा नादही येतो. तुकोबांच्या देहूत, घरोघर जाऊन, वर्षानुवर्षे बोलून या डॉक्टरांनी लोकांना शौचालयाकडे वळवले. त्यांना 2017 मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. ऊर्जेच्या लोकशिक्षणात मराठीने घडवलेला सर्वांत धाडसी शब्द कोणता, असे मला कोणी विचारले तर मी ‘मलप्रभा’ सांगेन.

शब्द फसवतोही. ‘निर्धूर चूल’ पाहा. घडण सुंदर: संस्कृत ‘निर्’ आणि मराठी ‘धूर’. पंडिताने ‘निर्धूम’ केले असते, पण ज्या बायकांचे डोळे चुरचुरत होते त्यांना धूर कळत होता. 1980च्या दशकात सुधारित चुलींचा मोठा राष्ट्रीय कार्यक्रम झाला आणि लाखो घरांत अशा चुली बसल्या. चुलीला धुराचे नळकांडे असे. धूर त्यातून घराबाहेर जाई. म्हणजे धूर नाहीसा होत नव्हता, वाट बदलत होता. नळकांड्यात काजळी साठली, ती काढायला कोणी सांगितले नाही, की धूर पुन्हा स्वयंपाकघरात. मग बाई म्हणते, निर्धूर म्हणाले होते ना? तिची फसवणूक यंत्राने नाही, विशेषणाने केली होती. ‘धूर बाहेर काढणारी चूल’ असे लांबलचक पण खरे नाव असते तर नळकांडे साफ करण्याची गरज नावातच कळली असती. पुण्याच्या आरती या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, चुलींवर पुष्कळ काम केले आणि पुढे स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणारे छोटे जैववायू संयंत्र बनवले. त्याला 2006 मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्या संस्थेच्या चुलींना ‘लक्ष्मी’, ‘भाग्यलक्ष्मी’ अशी नावे होती. त्यांत धुराविषयी कोणतेही वचन नाही, हे मला बरे वाटते.

चुलीकडे काटकसरीचा स्वतःचा एक शब्द होता: ‘वैल’. मुख्य जाळावर भाकरीचा तवा, आणि बाजूच्या भोकातून जाणाऱ्या गरम झोतावर, म्हणजे वैलावर, आमटी किंवा आंघोळीचे पाणी. वाया जाणारी उष्णता दुसऱ्यांदा कामाला लावणे ही कल्पना अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला मोठ्या नावाने शिकवली जाते. त्याच्या आजीकडे ती दोन अक्षरांत होती.

आता ऊन. संस्कृत उष्ण, प्राकृत उण्ह, मराठी ऊन. एकट्या शब्दात ‘ह’ दिसत नाही, पण विभक्ती लागली की तो परत येतो: उन्हात, उन्हाने, उन्हाळा. मूळ अर्थ उष्णता. मराठीने मात्र या एका शब्दात ताप आणि उजेड दोन्ही भरले. ‘ऊन पडलंय’ म्हणताना उजेड डोळ्यांपुढे असतो, ‘ऊन लागलं’ म्हणताना ताप. रोजच्या बोलण्यात याने काही बिघडत नाही. पण शेतकरी पंपाला ‘उन्हावरचा पंप’ म्हणतो आणि त्याच्या मनात सरळ हिशेब होतो की जितके कडक ऊन तितके पाणी जास्त. मे महिन्यात विदर्भात पारा 45 च्या वर गेला की पंपाने धो-धो चालायला हवे. तसे होत नाही आणि त्याला वाटते, पॅनेल खराब निघाले.

पॅनेल चालते उजेडावर. ताप त्याला बाधतो. सिलिकॉनच्या पॅनेलची क्षमता 25 अंश सेल्सिअसला मोजलेली असते आणि त्यापुढे दर अंशाला साधारण 0.4 टक्के घटते. वैशाखातल्या दुपारी पॅनेलची पाठ 60 अंशांवर गेली, तर 35 अंशांचे 14 टक्के गेले. जानेवारीतल्या स्वच्छ, थंड सकाळी तेच पॅनेल खुशीत काम करते. याउलट सूर्यचूल आणि पाणी तापवण्याचा बंब यांना तापच हवा असतो. म्हणजे एकाच छतावर दोन यंत्रे, दोन्ही ‘सोलर’, दोन्ही ‘उन्हावरची’, आणि दोघांचे ऊन वेगळे. दहावीच्या पाठ्यपुस्तकात ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ या धड्यात सौर प्रकाश-विद्युत आणि सौर औष्णिक असे वेगळे केलेले आहे, ते नेमके यासाठी. मुलांना ते पाठ होते. पण त्यांच्या वडिलांना शिबिरात ‘ऊन’ एवढेच सांगितले जाते. मराठीला उजेडासाठी शब्दांची उणीव नाही: कोवळे ऊन, तिरीप, कवडसा, लख्ख उजेड, तापासाठी चटका, झळ, रणरणते ऊन. पॅनेलला ‘उजेडाचा’ आणि बंबाला ‘तापाचा’ म्हणा, हा माझा आग्रह आहे. ‘उजेडावरचा पंप’ म्हटले की सावलीचे महत्त्वही आपोआप कळते. पॅनेलमधले घट एकामागे एक जोडलेले असतात, म्हणून आंब्याच्या एका फांदीची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी साऱ्या ओळीची वीज घटते. ताप मोजणाऱ्या मनाला ही गोष्ट क्षुल्लक वाटते, उजेड मोजणाऱ्याला ती लगेच दिसते.

वाळवणाला ताप लागतो आणि वाराही. छत्रपती संभाजीनगर परिसरात महिला शेतकऱ्यांबरोबर सौर ड्रायरवर काम उभे करणाऱ्या एस-फोर-एस या उद्योगाला 2023 मध्ये अर्थशॉट पारितोषिक मिळाले. टोमॅटो-कांद्याचे काप वाळवणारे ते यंत्र ‘सौर शुष्कक’ म्हणून सांगितले असते तर कोणी वळूनही पाहिले नसते. वाळवण म्हणताच समोरची बाई स्वतःच्या अनुभवाने प्रश्न विचारू लागते: धूळ बसते का, रंग उतरतो का, किती वेळा पालटायचे?

वाऱ्याच्या बाबतीत आपण ‘पवनचक्की’ स्वीकारली. महाराष्ट्राच्या वाऱ्यावर दळण फारसे दळले गेले नव्हते, तरी चक्की आली. रत्नागिरीत 1986 मध्ये देशातल्या पहिल्या पवनविद्युत प्रकल्पांपैकी एक उभा राहिला, पुढे साताऱ्यातल्या वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर, धुळ्यात ब्राह्मणवेलला पात्यांची रांग लागली. अभियंते ‘पवन टर्बाइन’ म्हणोत, पठारावरचा गुराखी पवनचक्कीच म्हणतो. ‘पवन’ मात्र आतून फार जुना आणि कामाचा शब्द निघाला. ‘पू’ म्हणजे शुद्ध करणे. पावन, पवित्र त्याच धातूचे. आणि संस्कृतात ‘पवन’ या शब्दाचा एक अर्थ धान्य पाखडून स्वच्छ करणे असाच आहे. खळ्यावर उंच उभे राहून धान्य उफणणारा शेतकरी वाऱ्याकडून जे काम करून घेत होता, ते त्याच्या नावातच होते.

विजेला लोक ‘लाईट’ म्हणतात. वीज हा शब्द विद्युत्, विज्जु या वाटेने आलेला अस्सल वारस, पण तो आकाशातल्या विजेसाठी राखला गेला. तारेतून आली ती लाईट. ‘मोटरीला लाईट नाही’ हे वाक्य व्याकरणाला चमत्कारिक वाटेल, पण शेतकऱ्याच्या सगळ्या व्यथा त्यात आहेत. ‘रात्रीची लाईट’ म्हणजे थंडीत, साप-बिबट्याच्या भीतीत उसाला पाणी देणे. 2017 मध्ये आलेल्या ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजने’चे नाव पाच शब्दांचे आहे, पण शेतकऱ्याने त्यातून एकच गोष्ट उचलली: ‘दिवसाची लाईट’. योजनेची सारी उपयुक्तता या दोन शब्दांत आहे आणि माहितीपत्रकाच्या डोक्यावर तेच छापायला हवेत. पुढच्या एका योजनेचे नाव ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ असे ठेवले गेले. मराठी वाक्याची ही अस्सल घडण आहे, आणि ऐकताक्षणी कळते की पहिली पायरी मागण्याची आहे.

घराच्या योजनेत सगळीकडे ‘छत’ आहे. पण मराठवाड्यात माळवद असते, विदर्भात कवेलू, कोकणात कौले, शहरात गच्ची, आणि हजारो घरांवर नुसता पत्रा. हा फक्त शब्दांचा फरक नाही. मातीच्या माळवदाला पॅनेलच्या लोखंडी पायांचा भार झेपेल का, कौलारू उतार दक्षिणेकडे आहे की नाही, पत्र्याला छिद्र पाडले तर पावसात गळेल का, हे प्रश्न त्या त्या शब्दाबरोबर येतात. ‘छत’ म्हटले की ते सगळे विचारायचे राहून जातात. ‘तुमच्या घरावर काय आहे?’ असे विचारणारा माणूस निम्मी पाहणी तिथेच करतो.

या सगळ्या कामाला आपण काय म्हणतो? प्रबोधन, जनजागृती. ‘बुध्’ म्हणजे जागे होणे, ‘जागृ’ म्हणजे जागे असणे. दोन्ही शब्द गृहीत धरतात की समोरचे लोक झोपलेले आहेत. समाजसुधारणेच्या लढ्यात या शब्दांनी मोठे काम केले, त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण सरपणासाठी पहाटे डोंगर चढणारी बाई आणि रात्री दोनला मोटर चालू करायला उठणारा शेतकरी हे ऊर्जेच्या प्रश्नावर आपल्यापेक्षा जास्त जागे आहेत. त्यांच्यासाठी मला ‘प्रात्यक्षिक’ हा शब्द योग्य वाटतो. प्रति आणि अक्ष, डोळ्यांपुढचे. पुण्याजवळ पाबळला 1983 मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला तो याच भरवशावर. तिथल्या अभ्यासक्रमाच्या चार विभागांत ऊर्जा-पर्यावरण हा एक आहे, आणि मुले हाताने काम करत करत शिकतात.

चांगले प्रात्यक्षिक झाले की एक प्रश्न ठरलेला असतो: ‘आभाळ आलं तर?’ आभाळ म्हणजे मराठीत आकाशही आणि ढगही. संस्कृत ‘अभ्र’, म्हणजे ढग, यापासून तो शब्द आला, आणि ‘आभाळ आलंय’ या वाक्यात जुना अर्थ अजून शाबूत आहे. हा प्रश्न टाळू नये. पातळ आभाळात पसरलेला उजेड मिळतो, म्हणून वीज बंद पडत नाही, कमी होते. दाट पावसाळी आभाळात मात्र ती नेहमीच्या पाव हिश्श्याच्याही खाली जाऊ शकते, आणि कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये असे दिवस लागून येतात. शेतातल्या पंपाला त्या दिवसांत काम थोडे असते, त्यामुळे फारसे अडत नाही. घरात मात्र दिवा, पंखा, मोबाईल लागतोच. म्हणून घरासाठी उन्हाळ्यात जादा वीज तारेत जमा करून पावसाळ्यात परत घेणारे मीटर लागेल, किंवा बॅटरी. त्या मीटरला कागदावर काहीही नाव असो, बैठकीत ‘जमा-वजा मीटर’ म्हणावे आणि खर्च किती, बिलात फरक किती, तो किती वर्षांत भरून निघेल हे त्याच बैठकीत पाटीवर मांडून दाखवावे.